नॉर्चाला पहिल्यांदा जाताय? मग आधी शटरचं टायमिंग समजून घ्या

सगळ्यात आधी नाव नीट करून घेऊ. नॉर्सिया नाही, नॉर्किया पण नाही, नॉर्चा. मी पहिल्यांदा तिकीट काढताना खिडकीवर चारदा नॉर्सिया नॉर्सिया म्हणत बसलो आणि पलीकडच्या काकू शांतपणे डोकं हलवत राहिल्या, शेवटी मोबाईलवर नाव लिहून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "आऽऽ, नॉर्चा!"

इटलीच्या मधोमध उंब्रिया नावाचा भाग आहे, समुद्र नसलेला, त्याच्या पूर्वेच्या टोकाला सिबिल्लीनी डोंगरांच्या पायथ्याशी हे गाव, उंची साधारण 600 मीटर, वस्ती पाच हजारांच्या आत. पण खाण्यात याचं नाव एवढं मोठं की मध्य इटलीत कुठेही डुकराच्या मांसाच्या पदार्थांचं दुकान असेल तर त्याला नोर्चिनेरीया म्हणतात आणि ते काम करणाऱ्याला नोर्चीनो. म्हणजे गावाचं नाव अख्ख्या धंद्याला चिकटलं. पूर्वी इथली माणसं थंडी सुरू झाली की सुऱ्या घेऊन रोमकडे, तोस्कानाकडे उतरायची, हिवाळाभर लोकांची डुकरं कापून, मीठ लावून, सॉसेज भरून द्यायची आणि उन्हाळ्यात घरी परत. शेजारच्या प्रेची गावातली माणसं तर त्याच हातकौशल्यावर माणसांची ऑपरेशनं करायला लागली, मुतखडे आणि मोतीबिंदू काढणारे सर्जन म्हणून त्यांची युरोपभर ख्याती होती. हे वाचून माझे बाबा जाम खूश झाले, आई अजिबात नाही.

कारण आई माळकरी आहे. आणि मी तिला अशा गावात घेऊन गेलो जिथे दुकानाच्या दारावर पेंढा भरलेलं रानडुकराचं मुंडकं लटकवलेलं असतं. तर हा लेख दोन्ही प्रकारच्या लोकांसाठी आहे, आणि त्याहून जास्त माझ्यासारख्या गाढवांसाठी ज्यांना वाटतं की रोमहून सकाळी निघू, फिरू, खाऊ, रात्री परत येऊ. माझी पहिली चक्कर तशीच झाली होती. पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता, म्हटलं आधी जरा गाव बघू मग जेवू, गाव बघून झालं तर अडीच, किचन बंद. दुकानं तर एकपासूनच बंद, चार-साडेचारला उघडणार. माझी परतीची बस त्याच्या आधीची. इटलीतल्या एवढ्या नावाजलेल्या खाद्यगावात बाकावर बसून मी रोमच्या स्टेशनवर घेतलेले वेफर्स खाल्ले.

महिना ठरवा, म्हणजे पोटाचं आधी ठरवा

इथे तीन वेगवेगळी गावं आहेत म्हणा ना. हिवाळ्यातलं काळ्या तार्तूफोचं, जूनमधलं फुलांचं आणि बाकी वर्षभराचं.

तार्तूफो म्हणजे ट्रफल, जमिनीखाली झाडाच्या मुळांशी वाढणारी बुरशी. इथला मानाचा प्रकार काळा, हिवाळी, त्याचा सीझन 1 डिसेंबर ते 15 मार्च. फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चच्या सुरुवातीला नेरो नॉर्चा नावाची जत्रा भरते, शनिवार-रविवारी गावभर स्टॉल, सगळीकडे चीज, सॉसेज, तार्तूफो. वातावरण भारी असतं पण राहायची जागा आधीच बुक केली नाही तर मिळायची आशा सोडा, आणि थंडी खरीखुरी असते. रोमन कवी व्हर्जिलने आपल्या महाकाव्यात या गावाला "थंडगार नुर्सिया" म्हटलंय, दोन हजार वर्षांत त्यात फरक पडलेला नाही. जाड जॅकेट, टोपी, मोजे. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर हा सीझन नको.

मेअखेर ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत वर कास्तेल्लुच्चोच्या पठारावर फुलं, त्याचं खाली सांगतो. उन्हाळ्यात जो ताजा तार्तूफो मिळतो तो दुसराच, स्कोरत्सोने म्हणतात, वास सौम्य, किंमत पण बरीच कमी. मेनूवर दोन्ही तार्तूफोच, त्यामुळे जुलैमध्ये कोणी तुम्हाला ताजा हिवाळी काळा म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा.

मला विचाराल तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर. गर्दी नाही, हवा छान, नवीन मसूर दुकानात आलेली असते.

पोचायचं कसं

रोमा तेर्मिनीहून स्पोलेतोपर्यंत ट्रेन, अंकोनाच्या लाईनवर, साधारण दीड तास लागतो. रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, विसरलात तर दंड, आणि "आम्ही टुरिस्ट आहोत" हे कारण चालत नाही. स्पोलेतो स्टेशनबाहेरून नॉर्चाची बस, साधारण तासाभराचा रस्ता, डोंगरातून लांबलचक बोगदा पार करून नेरा नदीच्या खोऱ्यात उतरतो. शेवटचा भाग वळणांचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसा आणि आवळासुपारी हाताशी ठेवा.

आता बसच्या टाइमटेबलची गोम. त्यावर फेरियाले आणि फेस्तीवो असे दोन शब्द असतात. फेरियाले वाचून आपल्याला, विशेषतः ज्यांना थोडंफार स्पॅनिश-इंग्लिश येतं त्यांना, वाटतं की हा सुट्टीचा दिवस. उलटं आहे! फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. फेस्तीवो म्हणजे रविवार आणि सण. आणि काही बसच्या समोर स्कोलास्तीको असं असेल तर ती फक्त शाळा चालू असतानाची बस, उन्हाळ्याच्या सुट्टीत ती येणारच नाही, तुम्ही कितीही वाट बघा. रविवारी बस फारच कमी. म्हणून रविवारी जाणं-येणं टाळा, आणि तिकीट बसमध्ये काढण्यापेक्षा आधी स्टेशनवर किंवा तबाक्कीत, म्हणजे 'टी' अक्षराची पाटी असलेल्या सिगारेट-तिकीट-रिचार्ज सगळं विकणाऱ्या टपरीवजा दुकानात, घ्या. जाण्याचं आणि परतीचं दोन्ही एकदमच घेऊन टाका.

गाडी भाड्याने घेणं सोयीचं, खरं सांगायचं तर वर पठारावर जायचं असेल तर गाडीच पाहिजे. भारतीय लायसन्सवाल्यांनी इंटरनॅशनल परमिट घरूनच काढून आणा, इथे मिळत नाही. आणि जुन्या गावांच्या आत झेड-टी-एल (म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी) लिहिलेल्या पाटीच्या पुढे गाडी घालायची नाही, कॅमेरा असतो, दंडाचं पत्र चार-सहा महिन्यांनी घरी येतं जेव्हा तुम्ही ट्रिप विसरलेले असता. गाडी तटबंदीच्या बाहेर लावा, गाव एवढंसं आहे, दहा मिनिटांत या वेशीतून त्या वेशीत.

सायकलवाल्यांसाठी एक वेगळीच मजा आहे. स्पोलेतो ते नॉर्चा 1926 ते 1968 छोट्या गेजची रेल्वे होती, साधारण 51 किलोमीटर, ती बंद पडल्यावर त्या मार्गाचा सायकल ट्रॅक केलाय, जुन्या पुलांवरून आणि काळ्याकुट्ट बोगद्यांतून. डोक्याला लाईट लागतो, नाहीतर बोगद्यात रामरक्षा म्हणत जावं लागेल.

किमान एक रात्र, जमलं तर दोन

हे मी विनंती म्हणून नाही, अनुभवाने सांगतोय. गावाचा दिवस असा चालतो: सकाळी आठ-नऊला शटर वर, एकला खाली, जेवण साडेबारा ते अडीच, मग गाव झोपतं, चार-साडेचारला शटर परत वर, साडेसात-आठपर्यंत दुकानं, साडेसातनंतर रात्रीचं जेवण. म्हणजे तुम्ही ट्रेन-बसने अकराच्या पुढे पोचलात तर हातात जेमतेम दीड तास राहतो. रात्र राहिलात तर संध्याकाळची पूर्ण पाळी मिळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची.

राहायला तटबंदीच्या आत छोटी हॉटेलं, बाहेर शेतातली आग्रितुरिझ्मो, म्हणजे शेतघरातल्या पाहुण्यांच्या खोल्या. गाडी नसेल तर आतच राहा. चेक-इनला प्रत्येकाचा पासपोर्ट मागतात आणि माणशी थोडा टुरिस्ट टॅक्स वेगळा घेऊ शकतात, त्यात फसवणूक काही नाही. आणि दुपारी पोचणार असाल तर आधी फोन किंवा मेसेज करून कळवा, कारण लहान हॉटेलातले काका पण दुपारी घरी गेलेले असतात. आम्ही दाराशी बॅगांवर चाळीस मिनिटं बसलो होतो.

पहिल्या संध्याकाळी काय

पहिल्या संध्याकाळी खरेदी करू नका. आधी चाला.

पोर्ता रोमानातून आत शिरा, वेशीवर वेतुस्ता नुर्सिया लिहिलंय, म्हणजे प्राचीन नुर्सिया. सरळ रस्ता मुख्य चौकात जातो, पियात्सा सान बेनेदेत्तो. मध्ये संत बेनेडिक्टचा पुतळा, 1880 चा. हे संत आणि त्यांची बहीण स्कोलास्तिका इथेच जन्मले असं मानतात, साधारण 480 साली. युरोपभरच्या ख्रिस्ती मठांची दिनचर्या, म्हणजे प्रार्थना कधी, काम कधी, जेवण कधी, हे ज्यांच्या नियमांवर चालतं ते हेच. 1964 मध्ये पोपने त्यांना युरोपचे पालक संत जाहीर केलं. चौकात एका बाजूला कास्तेल्लीना, 1554 मध्ये विन्योला या आर्किटेक्टने आखलेली पोपच्या अधिकाऱ्याची गढी, चार कोपऱ्यांना तिरके बुरूज.

आणि मग तुमचं लक्ष जाईल घरांकडे. बुटकी आहेत सगळी. इटलीतल्या इतर जुन्या गावांसारखी चार-चार मजली उंच नाहीत. याचं कारण भूकंप. 1703, 1730, 1859, 1979, हा भाग सतत हलत आलाय. 1859 च्या भूकंपानंतर पोपच्या सरकारने नियमच केला की नवीन घर दोन मजल्यांच्या वर नको, भिंती जाड हव्यात. आणि तरी 30 ऑक्टोबर 2016 ला सकाळी 7:40 ला 6.5 चा धक्का बसला तेव्हा बेनेडिक्टच्या नावाची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, कोसळलं, समोरची भिंत तेवढी उभी राहिली. ऑगस्टपासून आधीच धक्के बसत होते म्हणून बरेच लोक घराबाहेर झोपत होते, गावात त्या सकाळी कोणी गेलं नाही. आम्ही गेलो तेव्हा त्या एकट्या भिंतीला लोखंडी परांची बांधून उभं धरलं होतं. बाबा चौकात बराच वेळ काही न बोलता उभे होते, ते लातूरला 93 साली मदतीला गेले होते, त्यांना असलं दृश्य नवीन नाही.

बॅसिलिका आता परत उभी केलीय. पण गावात अजून कुठे क्रेन, कुठे पत्रे, कुठे तात्पुरत्या लाकडी दुकानांच्या रांगा दिसतात, काही दुकानं मूळ जागेत नसून तिथेच चालतात. तेव्हा जुना नकाशा किंवा जुना रिव्ह्यू बघून "हे दुकान बंद पडलं" म्हणून परतू नका, जवळ विचारा, दोनशे मीटरवर मिळतं. आणि पत्र्यामागे डोकावून फोटो काढणं टाळाच, ते कोणाचं तरी घर आहे.

नोर्चिनेरीयात शिरल्यावर

आता मुख्य काम. दुकानात शिरलं की आधी वास अंगावर येतो, मीठ, मिरी, लसूण, जुनं चीज, धूर. छताला मांड्या लटकत असतात, खाली शंभर प्रकारची सॉसेज, आणि काउंटरमागे पांढऱ्या एप्रनमधले आजोबा. "ब्वोनजोर्नो" म्हणायचं, संध्याकाळी "ब्वोनासेरा". न बोलता आत शिरून वस्तू हाताळणं इथे फार उद्धट समजतात.

एकच शब्द पाठ करा: एत्तो. म्हणजे 100 ग्रॅम. इथे कोणी पाव किलो-अर्धा किलो म्हणत नाही, "उन एत्तो" म्हणजे शंभर, "दुए एत्ती" दोनशे, "मेद्झ एत्तो" पन्नास. पन्नास-पन्नास ग्रॅमचे चार प्रकार मागितले तर कोणी नाक मुरडत नाही, आणि नवख्याने तेच करावं. "पोस्सो अस्साज्जारे?" म्हणजे चाखू का. बहुतेक वेळा विचारायच्या आतच एक पातळ काप हातावर ठेवतात.

काय घ्यायचं? प्रोशुत्तो दी नॉर्चा, डुकराची मांडी मिठात मुरवून किमान 12 महिने वाळवलेली. 500 मीटरच्या वरच्या पाच गावांतच बनवली तर हे नाव लावता येतं. पार्माच्या गोडसर प्रोशुत्तोपेक्षा ही खारट आणि तिखटसर, आणि त्याच्या जोडीला उंब्रियाचा पाव बिनमिठाचा असतो. नुसता पाव खाऊन "हे काय बेचव" म्हणू नका, मी म्हटलो होतो, पावात ती काप घातल्यावर कळलं की जोडी आहे. काप हाताने कापून मागा, "अ मानो", जरा जाड येते पण चव वेगळी. चाउस्कोलो नावाचं मऊ सॉसेज असतं, पावाला लोण्यासारखं फासायचं, ते मूळ डोंगराच्या पलीकडच्या बाजूचं पण इथे सगळीकडे मिळतं. मात्साफेगाती म्हणजे कलेजीची सॉसेज, एक खारी आणि एक चक्क गोड, मनुका-बेदाणे घातलेली. गोडवाली बाबांना पण झेपली नाही. आणि एक प्रकार आहे ज्याच्या नावाचा अर्थ "आजोबांचे गोटे" असा होतो, दुसऱ्याचा "खेचराचे"… ते तुम्ही समजून घ्या. दुकानात मोठ्या अक्षरात पाट्या असतात, टुरिस्ट फोटो काढून हसतात, दुकानदार पण हसतो, आई विचारत होती काय लिहिलंय रे, मी म्हटलं, ब्रँडचं नाव आहे.

रांग नंबरची असेल तर दारातल्या मशीनमधून चिठ्ठी घ्या. आणि पहिल्याच दुकानात सगळं घेऊ नका, दोन-तीन ठिकाणी चाखा, प्रत्येकाचं मीठ-मिरीचं प्रमाण वेगळं.

माळकरी, जैन आणि एकूणच शाकाहारी मंडळी

मी आधी घाबरलो होतो, पण आईचं पोट तीन दिवस नीट भरलं. फक्त "वेजेतारियाना" एवढ्याने भागत नाही. या भागात हॅमचे तुकडे म्हणजे मांस नाही, चवीला घातलेलं काहीतरी, अशीच समजूत. म्हणून मी कागदावर लिहून ठेवलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी दाखवायचो: निएंते कार्ने, निएंते प्रोशुत्तो, निएंते ग्वांचाले, निएंते ब्रोदो दी कार्ने, निएंते स्त्रुत्तो, निएंते आच्चूगे. मांस नको, हॅम नको, डुकराच्या गालाचे तुकडे नकोत, मटणाचं पाणी नको, डुकराची चरबी नको, आणि ती छोटी मासळी नको.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथली काळ्या तार्तूफोची पारंपरिक चटणी तेल, लसूण आणि खारवलेल्या आच्चूगे मासळीत गरम करतात. मासा दिसत नाही, विरघळून जातो. मेनूवर "तार्तूफो पास्ता" वाचून शाकाहारी समजून मागवाल आणि मासळी पोटात जाईल. विचारलं तर ते मासळी न घालता करून देतात, पण विचारायला पाहिजे. तसंच पेकोरीनो चीजमध्ये बहुतेक वेळा जनावराचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला त्याच्या पोटातून काढलेला पदार्थ, असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी रिकोत्तावर पण भरवसा ठेवू नये, कारण ते त्याच चीजच्या उरलेल्या पाण्यातून बनतं. आईने "मला जे माहीत नाही ते मी खाल्लं" असं स्वतःच ठरवून पेकोरीनो खाल्लं, तो तिचा आणि विठोबाचा प्रश्न.

मसुरीचं सूप जवळपास सगळीकडे मिळतं, पण त्यात सॉसेज घालायची पद्धत आहे, "सेंत्सा साल्सीच्चा" सांगा. रोवेया नावाचा रानटी वाटाणा असतो, काळपट-तपकिरी, त्याचं पण सूप करतात, आईला तो फार आवडला. मोंतेलेओने दी स्पोलेतोचा फार्रो, म्हणजे खपली गव्हाचाच प्रकार, त्याचं सॅलड. ऑम्लेट चालत असेल तर तार्तूफोचं फ्रित्ताता. शंभर टक्के जैन जेवण मात्र विसरा, खोली किचनवाली घ्या.

रेस्टॉरंटमध्ये

फार सांगायसारखं नाही. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी एक-दोन युरो लागतात, ते बसायचे आणि पावाचे, टीप वेगळी द्यायची सक्ती नाही. स्त्रांगोत्सी म्हणजे हाताने केलेला जाडसर लांब पास्ता, तो तार्तूफोबरोबर मागवा. पास्ता आल्ला नोर्चीना म्हणजे सॉसेज आणि क्रीम, कधी वरून तार्तूफो, जड असतो, दोघांत एक. रात्री आठच्या आत गेलात तर रिकाम्या खोलीत बसाल. मठातल्या साधूंनी 2012 पासून बिअर पण बनवायला घेतलीय, बिर्रा नुर्सिया, गावाच्या वरच्या डोंगरउतारावर त्यांचा मठ आहे. बाबांनी काळी बिअर घेतली, आईने बाटलीवर संताचं नाव बघून हात जोडले.

तार्तूफोच्या बाटल्या

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात म्हणून जरा थांबतो. दुकानात तार्तूफो तेल, तार्तूफो मध, तार्तूफो मीठ, तार्तूफो चिप्स, सगळं असतं. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. "आरोमा" असा शब्द असेल तर वास वरून घातलेला आहे, आणि बहुतेक तेलांत तो लॅबमध्ये केलेला असतो. बाटलीच्या तळाशी काळा तुकडा दिसतो तो देखाव्याला. खरा माल हवा तर लॅटिन नाव बघा: ट्युबर मेलानोस्पोरम म्हणजे हिवाळी काळा, ट्युबर एस्तिवुम म्हणजे उन्हाळी. आणि टक्केवारी बघा, मश्रूम 70 टक्के आणि तार्तूफो दोन टक्के अशा चटण्या ढिगाने असतात.

ताजा घेतलात तर लिंबाएवढा छोटासा पुरतो. कागदाच्या नॅपकिनमध्ये गुंडाळून, बरणीत, फ्रिजमध्ये, कागद रोज बदलायचा, आठवड्याच्या आत संपवायचा. बरणीत शेजारी कच्ची अंडी ठेवली तर कवचातून वास आत जातो, मग त्या अंड्यांचं नुसतं ऑम्लेट पण तार्तूफोचं लागतं. धुवत बसू नका, ब्रशने माती काढा. काळा तार्तूफो किंचित गरम झाला की फुलतो, उकळला की मेला. आणि हो, शोधायला आता डुक्कर नाही, कुत्रे नेतात, 1985 च्या कायद्याने शिकवलेला कुत्राच चालतो. गावातून सकाळी कुत्र्याबरोबर रानात नेणारे लोक आहेत, मुलांना फार आवडतं.

वर, कास्तेल्लुच्चोला

नॉर्चाहून साधारण 30 किलोमीटर वर, 1452 मीटरवर हे छोटं गाव, आणि त्याच्या खाली पियान ग्रांदे, डोंगरांच्या मध्ये सपाट ताटासारखं पठार, मागे 2476 मीटरचा मोंते वेत्तोरे. इथली मसूर इटलीभर प्रसिद्ध आहे. बर्फ वितळल्यावर पेरतात, जुलैअखेर-ऑगस्टमध्ये काढतात. शेतात तणनाशक मारत नाहीत म्हणून मसुरीबरोबर खसखशीची लाल फुलं, निळी, पिवळी मोहरी सगळं एकदम उगवतं आणि जूनमध्ये पठाराला पट्टे-पट्टे रंग चढतात, त्याला फियोरीतुरा म्हणतात. तारीख दरवर्षी हवेवर ठरते, त्यामुळे "15 जूनला नक्की" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

गर्दीच्या दिवसांत, विशेषतः शनिवार-रविवारी, खाजगी गाड्यांवर निर्बंध लावतात, पार्किंग आधी बुक करून शटलने जावं लागतं, कासच्या पठारासारखंच समजा. निघायच्या आधी त्या वर्षीचे नियम बघा आणि कामाच्या दिवशी, सकाळी लवकर जा. शेतात पाय घालू नका, फोटोसाठी फुलांत लोळणारे लोक कोणाचं तरी पीक तुडवत असतात, शेतकरी ओरडतात आणि बरोबर करतात. गाव स्वतः 2016 मध्ये जवळपास सगळं पडलं, दुकानं आणि खाण्याच्या जागा तात्पुरत्या बांधकामात आहेत. वर थंडी कायम, जूनमध्ये पण वारा कान सोलतो. आई शालीत गुंडाळून बसली होती आणि म्हणत होती एवढ्या वर येऊन लावलीन काय तर मसूर.

काय घेऊन यायचं

युरोपात राहणाऱ्यांनी, ईयूच्या आत असाल तर, हॅम-चीज खुशाल न्या, "सोत्तोवूओतो" म्हणा, व्हॅक्यूम पॅक करून देतात. विमानात केबिन बॅगेत मऊ चीज, चटण्या, मध नको, ते लिक्विडमध्ये धरतात. लंडनवाल्यांनो, एप्रिल 2025 पासून ईयूमधून मांस आणि दूध-चीज स्वतःपुरतं नेण्यावर पण बंदी आहे, पॅक केलेलं असलं तरी. आणि भारतात मांसाचे पदार्थ बॅगेत घालून आणायच्या फंदात पडू नका, कस्टमवर तुमच्यासमोर कचऱ्यात जाईल. तिथेच खा, पोट भरून खा.

मसूर घेताना पाकिटावर निळा-पिवळा गोल आय-जी-पी शिक्का, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची खूण, आणि "कास्तेल्लुच्चो दी नॉर्चा" असे पूर्ण शब्द बघा. नुसतं लेंतिक्के लिहिलेली, नॉर्चात फक्त पॅक केलेली पाकिटं पण त्याच फळीवर, स्वस्त, तशाच गोणपाटाच्या पिशवीत असतात. खरी मसूर बारीक असते, अगदी मोहरीच्या थोडी वर, आणि एकाच मुठीत हिरवी, तपकिरी, पिवळसर असे सगळे रंग. एकाच रंगाची, एकसारखी मोठी दिसली तर ती ही नाही.

आम्ही दोन किलो घेतली, म्युनिकला माझ्या घरी आणली. आईने पहिल्यांदा सवयीने रात्रभर भिजवली आणि कुकरला तीन शिट्ट्या काढल्या, त्याचं सरसरीत पिठलं झालं. या मसुरीची साल इतकी पातळ की भिजवायचीच नसते. दुसऱ्यांदा उघड्या पातेल्यात, गार पाण्यात टाकून मंद आचेवर पंचवीस मिनिटं, मीठ शेवटी, दाणा अख्खा राहिला. मग वरून जिरं-हिंगाची फोडणी, आमसूल, जरासा गूळ, गोडा मसाला कमी कारण तिचा स्वतःचा वास थोडा बदामासारखा आहे तो राहायला हवा. बाबा म्हणाले, यात ती सॉसेज असती तर. आईने डाव त्यांच्या ताटाकडून काढून माझ्या ताटात रिकामा केला.